सासऱ्यांच्या गाडीचा गंज

डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातला तो ठिपका पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा शर्टाच्या बटणाएवढा होता. दुसऱ्या कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण सुबकराव हे दुसरे कुणी नव्हते. फायलीची दोरी बांधल्यावर गाठीची दोन्ही टोकं सारखी येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा सोडणारा माणूस म्हणून अभिलेख कक्षातल्या सहकाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं होतं. प्रेमानं दिलं होतं, असं ते धरून चालत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

गाडी त्यांची नव्हती, हेच तर दुखणं होतं. गाडी सासऱ्यांची. बावीस वर्षं त्यांनी ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसली, आणि नजर अधू झाल्यावर एक दिवस किल्ली जावयाच्या हातात ठेवून "सांभाळा" एवढंच म्हणाले. सासरे मुळात कमी बोलणारे. त्यांचा एक शब्द सुबकरावांना खात्याच्या वरिष्ठांच्या चार पानी पत्रापेक्षा जड वाटायचा. त्यानंतर वर्षभर दर रविवारी ती गाडी घेऊन नवरा-बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्यांकडे जात. आणि मग तो ठिपका दिसला. त्या रविवारी सुबकरावांचं डोकं दुखलं. पुढच्या रविवारी पोट. त्याच्या पुढच्या रविवारी कार्यालयात नसलेलं काम निघालं. बायको बसनं एकटीच वडिलांकडे जाऊ लागली, आणि असे आठ महिने गेले.

"बाबांना नीट दिसत नाही," बायको म्हणायची. "ठिपका काय दिसणार आहे त्यांना?"

"त्यांना दिसत नाही, पण कळतं," सुबकराव म्हणायचे. हे खरंही होतं. सासरे गाडीवर नुसता तळवा फिरवून ती कुठल्या रस्त्यानं आली ते सांगायचे.

असंच चाललं असतं, पण वाहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. तीन आठवड्यांत तपासणी करून घ्या, गाडी नापास झाली तर भंगारात जमा करावी लागेल, असं त्यात साध्या सरळ भाषेत लिहिलं होतं. सुबकरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. सासऱ्यांची गाडी आपल्या हातून भंगारात गेली, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

तसे ते स्वतः सव्वीस वर्षं सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेले. त्यामुळे बाहेरच्या बाजूलाही आपलं वजन पडेल, अशा समजुतीनं ते वाहन कार्यालयाच्या खिडकीशी गेले.

"गाडी कुणाची?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"सासऱ्यांची."

"मग तुम्ही का आलात?"

"मी त्यांचा जावई."

"फॉर्मात जावयाला रकाना नाही," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

हे वाक्य सुबकरावांनी स्वतः निरनिराळ्या नातेवाइकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते ऐकायला कसं लागतं याची त्यांना कल्पनाच नव्हती. सासऱ्यांच्या सहीचं संमतीपत्र बायकोनं आणून दिलं तेव्हा कुठे फॉर्म मिळाला. गाडी गंजमुक्त हवी. रंग नसला तरी चालेल, प्रायमरवर पास होते, रंगासाठी पुढे तीन महिने मिळतात. बाकीच्या अटी मागच्या पानावर होत्या. मागचं पान सुबकरावांनी वाचलं नाही. उभ्या आयुष्यात न वाचता सोडलेलं त्यांचं हे पहिलंच पान, आणि त्यालाही कारण होतं. ते पान फोटोकॉपीत तिरपं आलं होतं आणि त्यांना ते बघवलं नाही.

गॅरेजवाल्यानं महिन्याभरानंतरची तारीख दिली. तेव्हा सुबकरावांनी पंधरा दिवसांची रजा टाकली, अर्जात कारण 'घरगुती' असं लिहिलं, आणि पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि ड्रिलला लावायची गोल ब्रशची चकती घेऊन इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरले. बेत साधा होता. ठिपका घासायचा, थोडी पुट्टी, थोडं प्रायमर, आणि संध्याकाळी चहा.

पहिल्या पाच मिनिटांत ठिपक्याचं नाणं झालं, अर्ध्या तासात बशी. जिथपर्यंत रंग धड दिसत होता तिथपर्यंत ब्रश नेला की रंगाचे पोपडे सुटत आणि खाली पुन्हा तांबूस. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पूल-अभियंता खाली आले. त्यांना सगळी इमारत 'पूलकाका' म्हणे.

"गंज पुसायचा नसतो," पूलकाका म्हणाले. "धड पत्रा लागेपर्यंत मागे हटायचं नसतं. आम्ही एका पुलाचा एक बोल्ट बदलायला गेलो होतो."

"मग?"

"मग पूल बदलला."

सुबकरावांनी हे फार मनावर घेतलं. दुपारपर्यंत ते दार पुरतं पत्र्यावर आलं. आता एक दार चकचकीत आणि शेजारचं दार जुन्या रंगाचं, हे काही त्यांना सहन होईना. तिसऱ्या दिवशी चारही दारं उघडी पडली. पाचव्या दिवशी बॉनेट आणि डिकी. बटणाएवढ्या गंजासाठी सगळी गाडी सोलून निघाली, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना एकदाही वाटलं नाही, उलट कामाला आता कुठे आकार येतोय असं वाटलं.

अडचण आली ती तळमजल्यावरून. तिथं दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याची खिडकी पार्किंगमध्ये उघडत होती. सहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांचा पांढरा कोट खिडकीबाहेर वाळत होता आणि त्यावर गंजाची तांबडी भुकटी बसली होती.

"असाच कोट घालून मी काल एका बाईंसमोर गेलो," डॉक्टर म्हणाले. "त्या म्हणाल्या, आधीच्या पेशंटचं काय केलंत?"

"मी झटकून देतो."

"कोटाचं सोडा. तुमच्या ड्रिलचा आवाज बाहेर बाकावर ऐकू जातो. लोकांना वाटतं आत माझंच चाललंय. कालपासून चार जण नुसता आवाज ऐकून बरे होऊन गेले."

सुबकरावांना मनापासून वाईट वाटलं. तह असा झाला की ड्रिल बंद, आणि हातानं घासायचं तेही दवाखाना बंद असतो तेव्हा, एक ते चार. त्यामुळे नवव्या दिवशी संध्याकाळी सगळा पत्रा स्वच्छ झाला तेव्हा सुबकरावांचे दोन्ही खांदे त्यांचे राहिले नव्हते. पण गाडी अशी चमकत होती की सकाळी बघणाऱ्यानं नाव काढावं. फक्त तिच्यावर बारीक धूळ होती. धूळ तशीच ठेवून वर निघून जाणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पाइप लावला आणि गाडी पाण्यानं स्वच्छ धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले तर गाडी नारिंगी झाली होती. टपापासून उंबऱ्यापर्यंत एकजात, कुठे कमी नाही की जास्त नाही.

पूलकाका व्यायामाहून परत येत होते. ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "पाण्यानं धुतलीत?"

सुबकरावांनी पाइप गुंडाळायला घेतला.

"उघडा पत्रा? पाण्यानं?"

"धूळ होती," सुबकराव म्हणाले.

"थिनरच्या फडक्यानं पुसायचं असतं हो. आणि लगेच प्रायमर मारायचं असतं. पत्र्याला रात्रभर असं उघडं ठेवतात का?" पूलकाकांच्या आवाजात राग नव्हता, दया होती, आणि ती जास्त लागली. सुबकरावांना त्या क्षणी पायरीवर बसून रडावंसं वाटलं. ते बसले. रडले नाहीत, कारण दवाखान्याच्या बाकावर दोन पेशंट होते आणि हा आताच आतून दात काढून आला, असा त्यांचा गैरसमज झाला असता.

नऊ दिवसांचं काम पुन्हा तीन दिवसांत करायचं होतं. या घाईतच ते घडलं. बॉनेट उघडल्यावर समोर जी पत्र्याची आडवी भिंत दिसते, तिच्या उजव्या कोपऱ्यात गंजाचा जाड थर होता. भुकटी डोळ्यांत जाऊ नये म्हणून सुबकराव लेकीचा पोहण्याचा चष्मा लावत. तो त्यांच्या जवळच्या चष्म्यावर बसत नसे, म्हणून जवळचा चष्मा काढून ठेवत. त्यामुळे हाताच्या अंतरावरचं सगळं त्यांना अंदाजानंच दिसत होतं. थर निघाला तेव्हा खाली बारीक बारीक खड्डे लागले. गंमत म्हणजे सगळे खड्डे एका ओळीत होते, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे. गंजानं पत्रा इतका शिस्तीत खाल्लेला त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांना गंजाबद्दल थोडा आदरही वाटला.

मग त्यांनी ऐंशी नंबरच्या खरखरीत पेपरनं तिथं तासभर घासलं. खड्डे हटेनात तेव्हा त्यांत पुट्टी भरली, एक हात, दुसरा हात, तिसरा हात, मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक, आणि वर प्रायमर. काम संपल्यावर बोट फिरवलं तर सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे लागेना. साऱ्या गाडीत इतकं सुबक काम दुसरीकडे कुठे झालं नव्हतं. बायकोला मुद्दाम खाली बोलावून त्यांनी ते दाखवलं.

"काय दाखवताय?" तिनं विचारलं.

"काहीच दिसत नाही ना?"

"नाही."

"तेच," सुबकराव समाधानानं म्हणाले.

पंधराव्या दिवशी प्रायमर मारलेली राखाडी गाडी घेऊन ते वाहन कार्यालयाच्या आवारात हजर झाले. कानाच्या पाळीला प्रायमर तसंच होतं, पण मान ताठ होती. तपासनीस बाई कानावर पेन्सिल खोचून आल्या, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं.

"एवढी स्वच्छ जुनी गाडी मी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "कुणाकडून करून घेतलीत?"

"मीच केली," सुबकराव म्हणाले. गेल्या पंधरा दिवसांत कुणी चांगलं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बॉनेट उघडा."

बाईंनी खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली, ती बरोबर त्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली आणि पेन्सिल आडवी धरून वरून घासायला लागल्या. कागद एकसारखा काळा झाला. त्यांनी दुसरी पट्टी लावली. तीही काळी.

"चेसिसचा नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

"पत्र्यात ठोकलेला असतो तो. अकरा आकडे. त्याचा पेन्सिलनं ठसा घ्यायचा असतो. मागच्या पानावर लिहिलंय."

सुबकरावांना आधी ऐकू आलं, मग समजलं, आणि मग ते खड्डे डोळ्यांपुढे आले, ओळीत, सारख्या अंतरावर. त्यांनी गाडीला हात टेकला.

"मला ते खड्डे वाटले," ते म्हणाले.

तपासनीस बाईंनी पेन्सिल परत कानावर खोचली. "वीस वर्षं मी हे काम करतेय. हे कारण नवीन आहे." मग आवाज बदलून त्या म्हणाल्या, "नंबर घासलेली गाडी आम्ही चोरीची धरतो. आता तिला हात लावायचा नाही. मालकाला बोलवा. नंबर निघाला तर ठीक, नाहीतर गाडी इथूनच भंगारात जाईल."

सुबकरावांनी बायकोला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा. आठ महिने मी सांगतेय काहीबाही." मग त्यांनी सासऱ्यांना फोन लावला. पलीकडून "हं" आलं. सुबकरावांनी रंग, पत्रा, पाणी, पुट्टी, नंबर, सगळं एका दमात सांगून टाकलं. मग सासरे म्हणाले, "पत्ता सांगा."

टॅक्सी आली. सासरे काठी टेकत उतरले. आठ महिन्यांत ते जरा वाकले होते, हे सुबकरावांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. सासऱ्यांनी गाडीच्या अंगावर तळवा ठेवला आणि तो फिरवत पूर्ण एक फेरी मारली.

"रंग?" त्यांनी विचारलं.

"काढला."

"सगळा?"

"सगळा."

"डाव्या दाराच्या ठिपक्यापायी?"

सुबकराव चमकले. "ठिपका तुम्हाला माहीत होता?"

सासरे काही वेळ काठीच्या मुठीशी चाळा करत राहिले. ते इतके अवघडलेले सुबकरावांनी कधी पाहिले नव्हते. "तो माझ्याच वेळचा आहे," ते म्हणाले. "किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्यावर रंग थापला. तुम्ही इतके नीटनेटके. गंजकी गाडी कशी द्यायची? मग तुम्ही यायचे थांबलात. मी समजलो, रंग निघाला असणार, आणि म्हाताऱ्यानं फसवलं म्हणून तुम्ही रागावलात."

"मी?" सुबकराव म्हणाले. "बाबा, मी तुम्हाला तोंड दाखवायला घाबरत होतो."

"आणि मी तुम्हाला फोन करायला," सासरे म्हणाले.

दोघंही मग गाडीकडेच बघत उभे राहिले, कारण एकमेकांकडे बघणं दोघांनाही जमण्यातलं नव्हतं. सुबकरावांच्या छातीवरचं आठ महिन्यांचं ओझं मात्र तिथल्या तिथं उतरलं. गाडी जायची ती जावो, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात तपासनीस बाई घड्याळाकडे बघत खाकरल्या.

सासऱ्यांनी वाकून उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "इथंच होता," ते म्हणाले. "काही लागत नाही. हे काम कुणी केलं?"

"मी."

"फार सुरेख केलंत हो. मोडायला जिवावर येतं."

"मोडा," तपासनीस बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक ब्लेड पुढे केलं.

ब्लेड सुबकरावांनी हातात घेतलं खरं, पण हात पुढे जाईना. आयुष्यात त्यांनी चांगलं केलेलं काम स्वतःच्या हातानं कधी बिघडवलं नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि पहिला ओरखडा दोघांनी मिळून काढला. पुट्टीचा टवका उडाला. खाली एक बारीक खाच दिसली आणि खाचेच्या तळाशी पेपर न पोचलेला तांबूस गंज.

"गंज आहे," सुबकराव ओरडले. आवारातल्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. पंधरा दिवस ज्याच्या जिवावर उठले होते, त्याला बघून त्यांचे डोळे भरून आले. जिथं गंज तिथं खाच, आणि जिथं खाच तिथं आकडा. ते भराभर खरवडत सुटले. सात निघाला, मग चार, मग पुन्हा सात. तपासनीस बाई नोंदणीच्या कागदावरचे आकडे मोठ्यानं वाचत होत्या आणि सासरे प्रत्येकाला मान हलवत होते. दहा आकडे निघाले. अकरावा तीन होता, आणि कागदावर आठ होता.

बाईंनी पट्टी लावून पेन्सिल फिरवली. तीन. दुसरी पट्टी, पुन्हा तीन. ऐंशी नंबरचा पेपर त्या कोपऱ्यावर जरा जास्तच फिरला होता. सुबकरावांना आपल्या हातांचा राग आला. सासरे म्हणाले, "हलक्या हातानं घेऊन बघा. पेन्सिलीला भार देऊ नका." बाईंनी श्वास रोखून पेन्सिल कागदावरून नुसती सरकवली. तीनच्या डाव्या बाजूला, वर एक आणि खाली एक, केसाएवढ्या दोन बारीक रेघा उमटल्या.

"आठ," बाई म्हणाल्या. त्यासुद्धा हसल्या. मग त्यांनी ठसा फॉर्मवर चिकटवला, शिक्का मारला आणि खाली लिहिलं: पास, रंगासाठी मुदत तीन महिने. सुबकराव जवळच्या कठड्यावर बसले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. फॉर्मवरचा शिक्का तिरका पडला होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर पडल्यावर सासरे न सांगता पुढच्या सीटवर बसले. राखाडी गाडी रस्त्याला लागली. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक वाकून बघत होते, पण आत कुणाला त्याचं काही नव्हतं.

"रंग कुठे देणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"पार्किंगमध्ये नको. दातांचे डॉक्टर रडकुंडीला आलेत. तुमच्या अंगणात चालेल का? बसलो जोर लावून, तर एका आठवड्यात होईल."

सासऱ्यांनी डॅशबोर्डवरून तळवा फिरवला.

"तीन महिने आहेत ना?" ते म्हणाले. "मग घाई कशाला करता? रविवारी या. एका रविवारी एकच दार."